महिना दीड हजार, पत्ता सांगलीचा आणि नाद हार्डकोर पंकचा: सुरुवात कुठून करायची?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. फोनवर हार्डकोर पंक (पंक रॉकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) ऐकून ऐकून आता त्याच्या रेकॉर्डी आणि झीन, म्हणजे हौसेनं स्वतःच लिहून-छापून काढलेल्या पुस्तिका, जमवायची हुक्की आली आहे. शिकवण्या घेऊन महिन्याला दीड हजार सुटतात. प्लेअर आधी घ्यावा की रेकॉर्डी, ऐंशीच्या दशकातली ओरिजिनल प्रेसिंग (त्या वेळी पहिल्यांदा छापलेल्या प्रती) कुठं मिळतील, झीन कुठून मागवायची, असं विचारलंयस. आणि जाता जाता शेवटी: ‘इथं कुणालाच यातलं काही कळत नाही, एकट्यानं जमवण्यात काही अर्थ आहे का?’

माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आधी घ्यायला हवा, बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. एकट्यानं कपाट भरायचं असेल तर एक सल्ला, आणि कुणाशी तरी देवाणघेवाण सुरू करायची असेल तर वेगळा. पहिलं काम दीड हजारात होणार नाही, पंधरा हजारातही धड होत नाही. दुसरं आरामात जमतं. हार्डकोरमध्ये मजाही त्या दुसऱ्यातच आहे, असं माझं पक्कं मत आहे.

माझं म्हणशील तर मी मिरजेत स्क्रीन प्रिंटिंग आणि डीटीपीचं काम करते. पोटापाण्याला लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांच्या पिशव्या. बाकी वेळात सेव्हन-इंच, म्हणजे सात इंची छोट्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि स्वतःचं एक झीन, हे बरीच वर्षं चाललंय. दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

काही गोष्टी मात्र तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. घर गावभागात आहे की विश्रामबागेत, वर स्लॅब आहे की पत्रा, घरात जुना अँप्लिफायर पडून आहे का, मोठ्या आवाजाला घरच्यांची हरकत आहे का. आणि ‘हार्डकोर’ म्हणजे तुझ्या डोक्यात नेमकं काय आहे? १९८१ चं वॉशिंग्टन, डिस्चार्ज या इंग्लिश बँडच्या वळणाचं ब्रिटिश आणि स्वीडिश, ऐंशीच्या उत्तरार्धातलं न्यूयॉर्क, की आज वाजवणारे बँड? जुन्यांच्या मागे लागलास तर पैसा दुकानदाराला जातो, आजच्यांच्या मागे लागलास तर बँडला. हा फरक पुढे कामी येतो.

या रेकॉर्डी अशा का दिसतात, ते आधी बघ. वॉशिंग्टन डी.सी.त १९८० साली टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड मोडला. कार्यक्रम करून साठलेले काही शे डॉलर शिल्लक होते. ते वाटून न घेता त्यांनी एक सेव्हन-इंच काढायची ठरवली, हजार प्रती. त्यासाठी इयन मॅकाय, जेफ नेल्सन आणि दोस्तांनी डिसकॉर्ड हे लेबल सुरू केलं. कव्हर कसं बनवतात हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका रेकॉर्डीचं कव्हर उकललं, त्याचा आराखडा उतरवून घेतला आणि तसं छापून आणलं. मग सगळे मिळून कात्रीनं कापत, घड्या घालत, गोंदानं चिकटवत बसले. पुढच्या काही रेकॉर्डींची कव्हरंही त्यांनी अशीच हातानं केली. तिकडे कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅगच्या ग्रेग गिनचा हॅम रेडिओवाल्यांसाठी उपकरणं विकायचा छोटा धंदा होता. बँडची पहिली रेकॉर्ड दुसऱ्याकडून निघता निघेना, तेव्हा त्यानं त्याच धंद्याचं नाव देऊन स्वतःचं लेबल काढलं, एसएसटी. बॅड ब्रेन्स या बँडचा १९८२ चा पहिला अल्बम तर सुरुवातीला रेकॉर्डीवर आलाच नाही, न्यूयॉर्कच्या रोअर या लेबलनं तो फक्त कॅसेटवर काढला. म्हणजे ज्या वस्तूंच्या मागे तू लागणार आहेस, त्या तुझ्याच वयाच्या पोरांनी, तुझ्याइतक्याच पैशांच्या ओढाताणीत केलेल्या आहेत.

सेव्हन-इंचवरच इतका भर का, याला तांत्रिक कारणही आहे. एका बाजूला जितकी मिनिटं जास्त भरशील, तितक्या खोबणी जवळजवळ आणि उथळ कापाव्या लागतात, आणि आवाज दबतो. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या गतीला सेव्हन-इंचच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटं दणदणीत आवाजात बसतात. मॅकायच्या पुढच्या बँडच्या, मायनर थ्रेटच्या, १९८१ च्या पहिल्या ईपीवर (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डीवर) आठ गाणी आहेत आणि सगळी मिळून दहा मिनिटांच्या आत संपतात. हे संगीत आणि तो आकार एकमेकांना अगदी माप घेऊन शिवल्यासारखे बसतात. दुसरं कारण पैशाचं. छोटी रेकॉर्ड काढायला स्वस्त, पाठवायला हलकी, विकत घेणाऱ्यालाही परवडणारी.

आता तुझे प्रश्न एकेक.

ओरिजिनल प्रेसिंग. नको. त्या काळी दोन-तीन डॉलरला मिळणाऱ्या वस्तूला आज शेकडो डॉलर पडतात, आणि त्यातला एक पैसाही बँडकडे जात नाही. गाजलेल्या नावांची नकली प्रेसिंग बाजारात भरपूर आहेत. अस्सल ओळखायची खूण म्हणजे लेबलच्या कडेला, शेवटच्या खोबणीनंतर जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यात कोरलेले आकडे आणि अक्षरं. डिस्कॉग्स या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या साइटवर प्रत्येक प्रेसिंगचे हे आकडे नोंदवलेले असतात. कधी मोह झालाच तर विकणाऱ्याकडून त्या पट्टीचा तिरप्या उजेडातला फोटो मागव, नुसत्या ग्रेडिंगच्या (रेकॉर्डीची अवस्था सांगणाऱ्या) शब्दांवर जाऊ नकोस. ‘व्हेरी गुड’ लिहिलेली रेकॉर्ड चांगलीच खरखरते. बाजारात त्या शब्दांचा अर्थ तोच, त्यात फसवाफसवी काही नाही. शिवाय डिसकॉर्डसारख्या लेबलांनी आपल्या बहुतेक जुन्या रेकॉर्डी आजही छापत ठेवल्या आहेत. त्या साध्या किमतीत मिळतात आणि पैसे योग्य ठिकाणी जातात.

प्लेअर. आत्ताच नको, आणि सुटकेसचा तर कधीच नको. त्या दिसायला गोंडस पेट्यांमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं, आणि सुईचा भार बऱ्याचदा पाच-सहा ग्रॅम असतो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. वजनी सुईनं रेकॉर्ड लगेच मरते असं नाही, पण झिजते, आणि हार्डकोरसारख्या मोठ्या आवाजात कापलेल्या खोबणीतून उड्या मारते. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-सिक्स्टी-एक्स हा मी कुणालाही सुचवते तो खालचा टप्पा. फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आत असतो, अँप्लिफायर आत असलेल्या स्पीकरला थेट जोडता येतो. तरी तो पाच आकडी खर्च आहे, तेव्हा वर्षभर बाजूला टाकत राहा.

आपल्या भागातल्या जुन्या घरांत आणखी दोन गोष्टी निघतात, म्हणून सावध करते. सांगली पडली नाट्यपंढरी, त्यामुळे माळ्यावर नाट्यगीतांच्या अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) रेकॉर्डी आणि भोंग्याचा ग्रामोफोन असणं काही नवल नाही. त्या ग्रामोफोनवर तुझी विनाइल रेकॉर्ड ठेवलीस तर पोलादी सुई पहिल्याच फेरीत तिची चाळण करेल. एचएमव्हीच्या फिएस्टासारखा जुना पोर्टेबल सापडला तर तो जरूर दुरुस्त करून घे, पण त्याची सुईही जडच असते, त्यावर आजीच्या भावगीतांच्या रेकॉर्डी ऐक. साफसफाईतही घोळ होतो. विनाइलला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

प्लेअर आलाच, तर अमेरिकन सेव्हन-इंचचं मोठं भोक बघून दचकू नकोस. त्याला मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतो. ऑनलाइन मिळतो, पण कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याला नायलॉनच्या रॉडमधून बाहेरून ३८ मिलिमीटर आणि आतून सव्वासात मिलिमीटरची चकती काढून मागितलीस तर चहा थंड व्हायच्या आत देईल. माझा तसाच आहे आणि बाजारच्यापेक्षा घट्ट बसतो.

मग दीड हजाराचं करायचं काय? परदेशातून एक रेकॉर्ड मागवणं हा सगळ्यात वाईट व्यवहार. बऱ्याचदा पोस्टेजच रेकॉर्डीपेक्षा जास्त होतं, आणि कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही, पोस्टेज धरून होणाऱ्या एकूण रकमेवर बसते. म्हणून तीन-चार महिन्यांचे पैसे साठवून, शक्य तर पुण्या-मुंबईच्या दोघा-तिघांना गाठून एकच पार्सल मागवायचं. एकाच डिस्ट्रोकडून सगळं घ्यायचं, आणि त्यात सेव्हन-इंच जास्त ठेवायच्या. डिस्ट्रो म्हणजे एखादा माणूस आपल्या खोलीतून वेगवेगळ्या छोट्या लेबलांच्या रेकॉर्डी, कॅसेटी, झीन विकतो तो. ऑर्डर देण्याआधी त्याला चार ओळींची मेल टाक: मी भारतातून, अमुक बँड आवडतात, वजन अमुक किलोच्या आत ठेवायचंय, काय सुचवाल? दुकान असलं तर किमतीची यादी येईल, माणूस असला तर पत्र येईल. पैसे पत्र पाठवणाऱ्याला दे.

अधल्यामधल्या महिन्यांत बँडकॅम्पवरून (बँड आपलं संगीत थेट विकतात ती साइट) डाउनलोड विकत घे. मार्च २०२० पासून ते ठराविक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडतात, खरेदी त्या दिवशी कर. आपल्याकडचे बँडही बघ. मुंबईचे डेथ बाय फंगाय, द रायट पेडलर्स. नेपाळमधला राय को रिस काठमांडूत वर्षानुवर्षं हेच करत आलाय. भारतातल्या बँडला थेट मेसेज केलास तर शंभरात नव्वद वेळा उत्तर येतं, कारण सांगलीहून त्यांना मेसेज येतच नाहीत.

इथवरचा हिशेब असा: ओरिजिनल नाही, प्लेअरसाठी दरमहा थोडे बाजूला, वर्षाला दोन-तीन एकत्र पार्सलं, मधल्या काळात डाउनलोड. यातून दरमहा तीन-चारशे रुपये मोकळे राहतात, आणि ते कुठं लावायचे हा माझ्या उत्तराचा मुख्य भाग आहे.

ते झीनवर लाव. विकत घेण्यावर थोडे, काढण्यावर जास्त.

जुन्या झीनपैकी मॅक्झिमम रॉकनरोल तुला माहीत असेलच. बर्कलीत १९७७ साली टिम योहॅनननं रेडिओ कार्यक्रम म्हणून सुरू केलं, १९८२ पासून छापील, २०१९ साली छपाई थांबली. न्यूजप्रिंटचा कागद, वाचून झालं की बोटं काळी. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती नाहीत, त्यांच्या रेकॉर्डींची परीक्षणंही नाहीत. मागचे बरेच अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर पडलेत. तेव्हा विकत घेऊ नकोस, फुकट वाच. वाचताना मुलाखतींपेक्षा मागची पानं बघ: जगभरच्या गावांतून आलेले ‘सीन रिपोर्ट’ (तिथल्या बँडांच्या खबरा), आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी छापलेला पत्ता आणि पोस्टेजसकट किंमत. कुणीतरी त्या पत्त्यावर कागदात नीट लपवून दोन डॉलर पाठवायचं, आणि काही आठवड्यांनी रेकॉर्ड यायची. सोबत दोन पानी पत्र आणि आणखी चार जणांची हँडबिलं. काही जण तर तिकिटांवर गोंद फासायचे, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट परत वापरता येई. हे तू करू नकोस, आपल्याकडेही तो गुन्हाच आहे.

त्या सीन रिपोर्टांच्या काळातच टेर्वेट कॅडेटसारखा बँड जगाला कळला. फिनलंडच्या उत्तर भागात, स्वीडनच्या हद्दीवर टोर्नियो म्हणून गाव आहे, लोकसंख्येनं आपल्या तासगावपेक्षा लहान. तिथल्या पोरांनी १९८० साली बँड काढला आणि गाणी फिनिशमध्येच म्हटली. ब्राझीलवाल्यांनी ती ऐकली, अमेरिकनांनी ऐकली, कुणाला शब्द कळत नव्हते, कुणाचं अडलंही नाही. आपण सांगलीत आहोत हे रडगाणं मी म्हणूनच फार चालू देत नाही. टोर्नियोत त्या पोरांच्या अवतीभवती तरी कुणाला काय कळत होतं?

आणि झीन म्हणजे काहीतरी साहेबाची चीज, असं वाटत असेल तर तेही काढून टाक. मराठीत अनियतकालिकं निघाली ती याच रीतीनं. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं, ते सायक्लोस्टाइल करून. साठच्या दशकात तर अशी कितीतरी निघाली, स्वतःच्या खिशातून, निघतील तेव्हा, मान्यवर मासिकांना शिव्या घालत. त्यातले बिनीचे राजा ढाले हे आपल्या नांद्र्याचे. मिरज-पुणे गाडीतून जाताना स्टेशन लागतं ते नांद्रे. ‘येरू’ आणि ‘विद्रोह’ काढणारा हा माणूस पुढे १९७२ ला दलित पँथरच्या संस्थापकांत होता. ज्याच्या जिल्ह्यात ही परंपरा आहे त्यानं झीन अमेरिकेतूनच यायला हवं म्हणून बसावं, हे मला पटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिला अंक एका ए-फोर कागदाचा कर. कागद आडवा धरून घड्या घालून आठ सारखे चौकोन पाड. मग डावी-उजवी कड जुळवून अर्ध्यात दुमड, आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर पुढच्या उभ्या घडीपर्यंतच काप. उलगडलास की मधोमध दोन चौकोनांएवढी चीर दिसेल. आता लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकल, चीर उघडते आणि आठ पानांची पुस्तिका मिटते. ना पिन, ना गोंद. आधी कोऱ्या कागदाची करून पानांवर आकडे टाक आणि परत उलगड, म्हणजे कुठली चार पानं उलटी येतात ते दिसेल. झेरॉक्स एकाच बाजूची, म्हणजे प्रत रुपया-दोन रुपयांत.

दुसरा अंक सोळा पानी. चार ए-फोर, दोन्ही बाजू, मधे घडी. पानं लावताना एक हिशेब लक्षात ठेव: कागदावर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७. पहिल्याशेजारी सोळावं, दुसऱ्याशेजारी पंधरावं. छापलेल्या प्रत्येक बाजूला रुपया-दीड रुपया धरला तर प्रत आठ ते बारा रुपयांत पडते आणि पन्नास प्रती सहाशेच्या आत. मधे लांब हाताचा स्टेपलर हवा. तो नसेल तर दाभणानं तीन भोकं पाडून वहीसारखी शिव. मला शिवलेलंच आवडतं, कारण पुढे सांगते.

विश्रामबागेतल्या कॉलेजांसमोरचे झेरॉक्सवाले परीक्षेच्या महिन्यात तुला उभं करणार नाहीत. परीक्षा संपल्यावर जा, दुपारी, आणि बल्कचा भाव विचार. पाठपोट करताना पहिली प्रत स्वतः घडी घालून बघ, मागची बाजू उलटी आलेली असते. मशीन कडेची पाचेक मिलिमीटर जागा छापत नाही, मजकूर आत ठेव. मोठा काळा पट्टा धड येत नाही, ठिपके-ठिपके येतात. पंकवाल्यांनी त्याचीच शैली केली, पण छोटं अक्षर काळ्यावर टाकलंस तर वाचता येणार नाही. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांची सावली मास्टरवर (ज्यावरून प्रती काढायच्या त्या मूळ पानावर) व्हाइटनरनं मार. कव्हर रंगीत हवं असेल तर लग्नपत्रिका करणाऱ्या कुठल्याही स्क्रीन प्रिंटरकडे जा आणि एकाच रंगात कर, भडक. वैशाखात येऊ नकोस, कुणी दारात उभं करणार नाही, मीसुद्धा.

लिहायचं काय? ऐकलेल्या दहा रेकॉर्डींवर चार-चार ओळी, पण ‘जबरदस्त’, ‘खतरनाक’ हे शब्द न वापरता. एक मुलाखत, ईमेलवर. त्यात ‘तुमच्यावर कुणाचा प्रभाव’ विचारू नकोस. तालीम कुठं करता, शेजारी काय म्हणतात, कव्हर कुणी छापलं, पैसे कुणी घातले, हे विचार. आणि एक पान आपल्याकडचं. गणपतीत बेंजोवाले गल्लीत वाजवतात, ते गाडीवर स्पीकर कसे बांधतात, जनरेटर कोण देतो, सुपारी किती, यावर तू लिहिलंस तर फिनलंडचा माणूस ते आधी वाचेल. मराठीत लिही, बाहेरच्यांसाठी शेवटी अर्धं पान इंग्रजी सार टाक. घरचा पत्ता मात्र छापू नकोस, ईमेल पुरे. मुलींना हे मी दोनदा सांगते.

अंक झाला की तीच तुझी खरेदीची रक्कम. झीनवाल्यांत अदलाबदल ही जुनी रीत आहे, मी माझा अंक पाठवते, तू तुझा पाठव. वीस प्रती वाटल्यास तर घरी पाच-सात तरी येतात, कधी सोबत एखादी कॅसेट. मुंबईत झीन फेस्टही भरतो, तिथं टेबल मांडून बसणारे लोक निम्मा वेळ एकमेकांशी अदलाबदलच करत असतात. ‘इथं कुणालाच कळत नाही’ याचं माझ्याकडचं उत्तर हे एवढंच. सांगलीत एकदम दहा जण सापडणार नाहीत. पन्नास प्रतींमधून कॉलेजात एक निघेल, कोल्हापुरात दोन, बाकीचे पोस्टानं. तेवढे पुरतात.

घरच्यांचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण येईलच. आईला स्ट्रेट एजबद्दल, म्हणजे हार्डकोरमधल्या निर्व्यसनी पंथाबद्दल सांग. टीन आयडल्सची पोरं १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेली, तेव्हा अल्पवयीन म्हणून दारू द्यायची नाही यासाठी क्लबवाल्यांनी त्यांच्या हातावर फुल्या मारल्या. पोरांनी ती रीत वॉशिंग्टनला नेली, आणि पुढे दारू-सिगारेटला न शिवणाऱ्यांची ती खूणच झाली. एवढ्या केकाटणाऱ्या गाण्यांतून निर्व्यसनीपणा निघतो हे ऐकून माझ्या आईनं आवाजाची तक्रार अर्धी केली.

राहता राहिलं साठवणं. याबाबत परदेशी माहिती वाचून फार उपयोग नाही, सांगलीचे हाल वेगळे. उन्हाळ्यात पारा चाळीसला टेकतो. वर पत्रा असेल तर माळ्यावर रेकॉर्डी ठेवूच नकोस, विनाइल वाकतं. आणि पावसाळ्यात नेमका माळाच सुरक्षित. कोयनेतून विसर्ग वाढला, इकडे हरिपूरला वारणेचा फुगवटा, की कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉटकडे पाणी आलंच. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. म्हणून मी कपाट केलंच नाही. द्राक्षांचे प्लॅस्टिक क्रेट आहेत, दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असलेले. सेव्हन-इंच त्यात उभ्या बसतात, भरून झाला तरी एकटीला उचलता येतो. एलपीला (मोठ्या, बारा इंची रेकॉर्डीला) जरा उंच खोका बघावा लागतो. एरवी ते आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर वर. पातळी तिशीकडे सरकली की वर.

पाणी लागलंच तर रेकॉर्ड वाचते, कागद जातो. चिखल वाळू देऊ नकोस, ओला असतानाच साध्या पाण्यानं धू. वाळलेली रेती पुसायला गेलास तर खोबणी गेली. भिजलेली झीन एकमेकांना चिकटायच्या आत पानांत टिपकागद घाल आणि पंख्याखाली ठेव. फारच ढीग असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाक. बुरशी थांबते, सवडीनं एकेक काढून वाळवता येतं. आणि इथं झेरॉक्सचा फायदा कळतो: टोनर म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची काळी भुकटी, ती पाण्यानं पसरत नाही. इंकजेटवर काढलेलं पान मात्र निळं-जांभळं होऊन जातं. पिना गंजतात आणि मधलं पान खातात, म्हणून शिवणं बरं म्हटलं. कसरीसाठी कडुलिंबाचा वाळका पाला कापडात बांधून ठेव. डांबराच्या गोळ्या रेकॉर्डींजवळ नकोत.

आणि झेरॉक्सचं झीन मऊ, चकचकीत, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात कधीही घालू नकोस. एक-दोन उन्हाळ्यांत टोनर पाकिटाला चिकटतो. ओढून काढलंस की अख्खा परिच्छेद आरशातल्यासारखा उलटा पाकिटावर उमटलेला आणि कागदावर नुसत्या फिकट खुणा. पॉलिप्रॉपिलिनची पाकिटं घे. कुरकुरीत आवाज येतो ती, साड्यांच्या दुकानात वापरतात त्या जातीची.

तुझं घर पूररेषेच्या आत आहे की बाहेर, आणि वर पत्रा आहे की स्लॅब, तेवढं इथंच खाली लिही. मग क्रेट कुठं ठेवायचे ते सांगते.